आधी प्या, मग मागा

शेख हरदान सकाळची कॉफी स्वतः भाजायचा. घरात मुलगा, तीन पुतणे, दोन गडी असताना शेखाने तव्यापुढे उकिडवं बसावं हे त्याच्या बहिणीला, हसना आत्याला, पटत नसे, आणि न पटलेलं मनात ठेवायची आत्याला सवय नव्हती.

"लोक म्हणतील, अल्बू-हिदादचा शेख गेला आणि कॉफीवाला उरला."

"म्हणू देत," हरदान म्हणायचा. "पण पिऊन म्हणू देत."

मग तो पितळी खलबत्ता पुढ्यात ओढायचा. त्याचा एक ठेका होता, दोन जड, एक हलका, आणि शेवटी काठावर वाजवलेली एक उगीचची टिचकी. तो आवाज खजुरीतून फुरात नदीच्या पाण्यापर्यंत जायचा आणि जिथवर जाईल तिथवरच्या प्रत्येकाला ते आमंत्रण असायचं. वेलदोडे घातले, लांब चोचीच्या किटलीतून, दल्लेतून, पहिली धार फिंजानाच्या चिमुकल्या पेल्यात सोडली, की ती पहिली कॉफी कुठल्याही पाहुण्याला मिळत नसे. ती खौलाला मिळायची.

खौला त्याची थोरली. रमादीतल्या मुलींच्या शाळेत ती भाषा शिकवायची, पण रस्त्यात सुरुंग पेरायला लागल्यापासून शाळा बंद होती. लग्न झालं नव्हतं. त्याबद्दल बोलायचं आता आत्यासुद्धा थांबली होती. खौलाच्या खोलीत छतापर्यंत पुस्तकं होती, आणि बोलणं मात्र मोजकं. बापलेकीत चालायचं ते एवढंच, रोज, बैठकीच्या दारात उभ्या उभ्या:

"कशी झालीय, बाबा?" तो तिला बाबा म्हणायचा, ती त्याला बाबा म्हणायची. घरोघरी तसंच होतं.

"कडू."

"कॉफी कडूच असते."

"मग विचारता कशाला?"

यावर तो हसायचा आणि दिवस सुरू व्हायचा.

त्या दिवशीही तसाच झाला. खजूर उतरवायचे दिवस होते. पुतणे झाडांवर चढले होते, वरून एकमेकांना शिव्या घालत होते. हरदानने तिच्या हातातल्या पुस्तकाकडे हनुवटीने खूण केली.

"यातल्या तुझ्या राजांना कॉफी होती का?"

"नव्हती. कॉफी फार पुढे आली."

"म्हणूनच एवढे लढले."

त्याला लिहितावाचता जेमतेम यायचं. पण गेल्या तीन वर्षांत त्याच्या बैठकीत जे येऊन बसले, ते कुठल्या पुस्तकातल्या राजाकडेही आले नसतील. अमेरिकन आले तेव्हा सरकार एका रात्रीत विरघळलं, पोलीस गणवेश कालव्यात टाकून घरी गेले, न्यायाधीश सीमेपार. मग ज्याचं भांडण असेल तो शेखांच्या दारी यायला लागला, जसा त्याचा पणजा येत होता. अमेरिकन कर्नल आला, बुटांसकट आत येऊन बसला. त्याला रस्ता हवा होता. तोंड बांधलेली पोरं आली, बंदुका दाराशी ठेवून बसली. त्यांनाही तोच रस्ता हवा होता. आणि रस्ता त्याच्या कुळाच्या, अल्बू-हिदादच्या, खजुरीतून जात होता.

"मी कुणाचाच नाही," हरदान म्हणायचा. "रस्त्याच्या कडेला जन्मलो, एवढाच माझा गुन्हा."

पण त्या उन्हाळ्यात तोंड बांधलेल्यांनी गावातल्या पंपवाल्याला मारलं आणि त्याचं प्रेत उन्हात पडू दिलं, कुणाला पुरू दिलं नाही. त्या दिवसानंतर हरदान तोंड बांधलेल्यांविरुद्धच्या शेखांच्या नव्या परिषदेत जाऊन बसला आणि पुलावर त्याची पोरं बंदुका घेऊन उभी राहिली. नदीच्या पलीकडे, अल्बू-मनहलच्या गावात, अजून तोंड बांधलेल्यांचंच राज्य होतं. दोन्ही काठांची सोयरीक पिढ्यांची होती. आता मधे नुसतं पाणी राहिलं नव्हतं.

दुपारच्या नमाजानंतर नायिफ आला.

नायिफ पलीकडचा. हरदानबरोबर तो याच पाण्यात पोहायला शिकला होता, एकाच वर्षी दोघांनी सैन्यात चाकरी केली होती. थोरल्या मुलावरून त्याला सगळे अबू सत्ताम म्हणत. दारातूनच तो ओरडला:

"हरदान, तुझी पोरं पुलावर माझी झडती घेतात! दाढीत बॉम्ब आहे का विचारतात!"

"दाढीत नसेल. जिभेखाली बघायला सांगतो."

"बघ बाबा, सांभाळून. दात तीनच उरलेत."

दोघं हसले. पडद्याआड बायकांच्या खोलीत खौला तांदूळ निवडत होती, तीही हसली. मग कॉफी ओतल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर एक अगदी बारीक आवाज: फिंजान गालिच्यावर टेकल्याचा. खौलाचे हात थांबले.

न पिता खाली ठेवलेल्या फिंजानाचा अर्थ त्या काठावर कुणाला सांगावा लागत नाही. मागणं आहे. दिलंत तर पिईन, नाही तर तसाच उठेन. शहाणा यजमान अशा वेळी विचारतो, बोला, काय हवं. पण हरदानच्या बापाने कधी विचारलं नव्हतं, आजानेही नाही. आधी प्या, मग मागा. त्या घराची हीच दौलत होती, आणि लांबलांबचे लोक तिची आठवण काढत.

"पी," हरदान म्हणाला. "दिलं."

"आधी ऐक तरी."

"तू असं काय मागणार आहेस जे मी देणार नाही? पी, निवतेय."

नायिफ प्यायला. रिकामा फिंजान हलवून परत दिला आणि मग बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज खाली गेला. आमच्याकडची तोंड बांधलेली पोरं थकलीत, तो म्हणाला. त्यांच्यातच फाटाफूट झालीय, काहींना बोलणी हवीत. पण ती हरदानशीच बोलतील, दुसऱ्या कुणाशी नाही. उद्या सकाळी माझ्या घरी ये. बंदूकवाले नकोत, अमेरिकनांना खबर नको. "माझ्या तोंडावर, हरदान. तुझ्या केसाला धक्का लागला तर हे तोंड काळं."

"बाबा!" खौलाचा भाऊ थामिर ताडकन उठला असावा, कारण कुणाचा तरी फिंजान कलंडला.

"बस खाली," हरदान म्हणाला. "तो प्यालाय."

संध्याकाळी खौलाने त्याचा चांगला अबा, वरून घ्यायचा सैल झगा, काढला, काठाची सुटलेली जर टाचली. तो शेजारी बसून खजूर खात होता, बिया ओंजळीत जमवत होता.

"दुपारी येईन. बामिया कर."

"भेंडी संपली."

"मग असेल ते कर."

तिने दोरा दातांनी तोडला. शब्द दिला गेला होता. तो परत घ्या म्हणणं म्हणजे त्याला लहान करणं होतं, आणि त्या माणसाला लहान झालेलं बघायची तिची तयारी नव्हती. त्याचीही नव्हती. शेवटचा खजूर त्याने तिला दिला.

सकाळी खलबत्ता वाजला नाही. कॉफी आता नायिफकडेच, म्हणत तो पूल टाळून बोटीत बसला.

दुपारी तीच बोट परत आली. वल्ही नायिफ मारत होता, एकटाच. हरदान तळाशी होता, त्याच अब्यात गुंडाळलेला. नायिफ काठापर्यंत आला नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याने बोट पुढे ढकलली आणि तिथेच उभा राहिला.

"मला मार," तो थामिरला म्हणाला. "मारून टाक रे, तुझ्या पाया पडतो."

थामिरने बंदूक उचललीही. हसना आत्या मधे आली. तिचा चेहरा कोरडा होता.

"याला मारलंस तर याची सुटका होईल," ती म्हणाली. "जाऊ दे घरी."

नायिफ गेला. दुसऱ्या दिवशी पलीकडे त्याच्या छतावर एक काळा कपडा दिसला, काठीला बांधलेला. ज्याच्या जबाबदारीवर आलेला माणूस मारला जातो, त्याच्या घरावर लोक काळं लावतात, अशी जुनी चाल होती. पण ते दुसऱ्यांनी लावायचं असतं. स्वतःच्या घरावर स्वतः चढून कुणी काळं लावल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. खौलाच्या खिडकीतून तो कपडा रोज दिसायचा. हिवाळ्यात तो पावसाने भिजून लोंबायचा, वाळला की पुन्हा उडायचा.

तोंड बांधलेल्यांनी मशिदींच्या दारांवर पत्रकं चिकटवली: हरदान परक्यांना विकला गेला होता, पुलाची किंमत ठरवायला आला होता. कर्नल मातमाला आला, या वेळी बूट बाहेर काढून. दुभाष्या म्हणाला, शेख आमचा मित्र होता. आत्या पडद्याआडून पुटपुटली, "म्हणूनच गेला." दुभाष्याने ते भाषांतरलं नाही.

त्यानंतर जे व्हायचं ते भराभर झालं. म्हाताऱ्या शेखाला पाहुणा असताना मारल्याची बातमी कालव्याकालव्याने पसरली. काठावर बसून राहिलेली कुळं एकेक करत परिषदेत आली. तोंड बांधलेल्यांनी मग आपल्यातल्याच शंकेखोरांना मारायला सुरुवात केली, अल्बू-मनहलचीही पोरं मेली, आणि वसंत येईतो पलीकडचा काठही उलटला. हरदानच्या शब्दाने जे झालं नसतं ते त्याच्या रक्ताने झालं, असं लोक म्हणायचे, तिच्यासमोरसुद्धा, तिला बरं वाटावं म्हणून. अशा वेळी खौला उठून चुलीकडे जायची.

एके दिवशी थामिर तिच्या खोलीत आला. तिशी गाठली नव्हती, आणि बापाचा इगाल, रुमालावरचा काळा गोफ, डोक्यावर अजून नीट बसत नव्हता. पुस्तकांच्या ढिगावर तो टेकला.

"उद्या येतायत. अल्बू-मनहल. पंधरावीस पांढऱ्या दाढ्या, वर कर्नल. पोलिसांत जागा निघाल्यात, दोन्ही काठांना. कर्नलची अट एकच, आपसात रक्त उरायला नको."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं सगळ्यांना गोळ्या घालाव्या." तो थांबला. "आणि वाटतं, आता पुरे. पोरांची पोरं मोठी व्हायचीत. तू सांग."

"तू ठरवलंयस. मग विचारतोस कशाला?"

त्याने मान वर केली. ते वाक्य त्याने रोज सकाळी दारातून ऐकलं होतं.

"मला एकच हवंय," खौला म्हणाली. "ते म्हणतील, कुणी मारलं ठाऊक नाही. धामधुमीत घडलं. तेवढं म्हणू देऊ नकोस. पाहुणा म्हणून बोलावलं आणि मारलं, हे त्यांनी आपल्या बैठकीत, आपल्या तोंडाने म्हणावं. ती पत्रकं अजून भिंतींवर आहेत, थामिर. लोक आधी विसरतात ते हेच, की तो कशासाठी गेला होता."

"बघतो," थामिर म्हणाला. पंधरावीस पांढऱ्या दाढ्यांपुढे तो काय बघणार, हे दोघांनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉफी थामिरने भाजली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. खलबत्त्याला ठेका नव्हता, आणि वास आला तेव्हाच खौलाला कळलं की करपली.

ते आले. गाड्या दूर थांबवून, रिवाजाप्रमाणे चालत, माना खाली. पडद्याच्या फटीतून खौला बघत होती. पुढे शेख मिजबिल, अल्बू-मनहलचा थोरला, मेंदी लावलेली दाढी, मधाळ आवाज. मध्यावर कर्नल. सगळ्यात शेवटी, चपलांपाशी, नायिफ. तो ओळखू येत नव्हता. दाढी छातीपर्यंत वाढली होती. कॉफी वाढणारा गडी त्याच्यापाशी आला तेव्हा त्याने तळहात आडवा धरला, फिंजान घेतलाच नाही.

बाकी सगळ्यांनी घेतले आणि एकामागून एक गालिच्यावर ठेवले. टक, टक, टक, ओळीने. फक्त कर्नलने आपला एका घोटात संपवला, मान डोलावून दाद दिली आणि मग आजूबाजूला पाहिलं. दुभाष्याने डोळे मिटले.

सगळे थामिरकडे बघत होते. हरदानच्या मुलाने काय म्हणायचं हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. मिजबिलचा हात फिंजानाकडे थोडा सरकलाही.

"आधी मागा," थामिर म्हणाला.

पडद्याआड हसना आत्याने ओढणीचा पदर तोंडात कोंबला. त्या घरात ते शब्द पूर्वी कुणी ऐकले नव्हते.

मिजबिल सावरला. काळ वाईट होता, तो म्हणाला. भावाने भावाला ओळखलं नाही. शेख हरदान सगळ्यांचाच बाप होता, आणि कुण्या अज्ञात हातांनी, अल्ला जाणे कुणाच्या, तो आपल्यातून नेला. कोण ते आता कोण सांगणार? मेलेले मेले. आम्ही दिया देऊ, रक्ताची भरपाई, मान देऊ, सोयरिकीत मुली देऊ. तुम्ही रक्त माफ करा.

थामिरचे ओठ हलले. त्याने पडद्याकडे पाहिलं.

खौला उठली. आत्याने तिच्या बाहीला हात घातला, मग सोडून दिला. पडदा बाजूला करून ती बैठकीत गेली. तिथे एवढ्या पुरुषांपुढे बाई अशी कधी आली नव्हती. काहींनी नजरा खाली वळवल्या.

"शेख मिजबिल," ती म्हणाली. वर्गात बोलायची तशीच, आवाज न चढवता. "माझ्या बापाने कधी कुणाला आधी विचारलं नाही, काय मागायचंय. आज माझ्या भावाला विचारावं लागलं. ते तुमच्यामुळे. आम्हाला दिया नको, मुली तर नकोतच. कुणी मारलं, कुठे मारलं, तेवढं सांगा. मग माझा भाऊ द्यायचं ते देईल."

"मुली," मिजबिल म्हणाला, अजून मधाळच, "या पुरुषांच्या गोष्टी."

"पुरुष असते तर तिला उठावं लागलं नसतं," पडद्याआडून आत्याचा आवाज आला.

कुणी हसलं नाही. कर्नल दुभाष्याकडे वाकला. दुभाष्या नुसताच मान हलवत राहिला.

"माझ्या घरात," चपलांपासून कुणी तरी बोललं.

नायिफ उभा राहिला होता.

"अबू सत्ताम, बस खाली," मिजबिल म्हणाला.

"माझ्या घरात, माझ्या चटईवर. माझ्या बहिणीच्या मुलाने, रकानने. त्याला मीच वाढवला. पुढे त्याच्याच लोकांनी त्याला मारला, त्याच्यासाठी मी एकदाही रडलो नाही." तो मिजबिलशी बोलत नव्हता, खौलाशी बोलत होता. "हरदानने काही विकलं नाही. तो म्हणाला, रस्ता दोघांचा करू. म्हणाला, शाळा उघडू दे, माझी खौला घरात बसून मला टोमणे मारते. पोरं हसली, रकानसुद्धा हसला. मग जेवण आलं. हरदानने हात धुवायला पाणी मागितलं, ते आणायला मी उठलो. मी पाणी घेऊन आलो, बाबा. तांब्या हातात होता माझ्या."

"बस कर आता," मिजबिल म्हणाला, आणि या वेळी आवाजात मध नव्हता.

"झालं," नायिफ म्हणाला. "एवढंच होतं."

मग ओळीतला एक म्हातारा म्हणाला, "असंच झालं." दुसरा म्हणाला, "हो. असंच." मिजबिलने दाढीवरून हात फिरवला आणि शेवटी, कुणाकडेही न बघता, मान खाली घातली.

थामिर उभा राहिला. बापाचा इगाल कपाळावर घसरला होता.

"प्या," तो म्हणाला. आवाज फुटलेला होता. "दिलं."

फिंजान उचलले गेले. कॉफी केव्हाच गार झाली होती, पण प्रत्येकाने तळापर्यंत संपवली. काहीजण रडत होते. कर्नलने विचारलं, फोटो काढला तर चालेल का. चालेल, मिजबिल म्हणाला, आणि दाढी नीट केली.

खौलाने दल्ला उचलली, एक फिंजान भरला आणि चपलांपाशी जाऊन नायिफच्या पुढ्यात ठेवला.

"मी नाही पिणार, पोरी."

"पिऊ नका, काका. माझं काही मागणं नाही. नुसता समोर असू दे."

तो फिंजानाकडे बघत बसून राहिला. जेवणाची ताटं आली, भाताच्या ढिगांवर अख्खी मेंढरं, आणि पुरुष वाकून जेवायला लागले तेव्हा तो हळूच उठून पुलाकडे चालू लागला. पुलावरच्या पोरांनी त्याची झडती घेतली नाही.

दुपार कलली. गाड्या गेल्या. गालिच्यावर भाताची शितं आणि पायांची माती राहिली. आत गडी भांडी घासत होते, आत्या त्यांच्यावर खेकसत होती. नदीपलीकडे काळा कपडा होता तिथेच होता.

खौला बैठकीत एकटी होती. विस्तवाच्या राखेत दल्ला तिरपी रुतली होती, तळाशी थोडी कॉफी उरली होती. कोनाड्यातून तिने बापाचा फिंजान काढला, निळ्या रेघेचा, काठाला टवका उडालेला. तो तिने रोज पुसला होता आणि रोज जागेवर ठेवला होता. तिने तो भरला आणि दारात गेली, जिथे ती रोज उभी राहायची तिथेच. प्यायली. करपलेली होती. जिभेवर राख आली.

तिने घोट गिळला. तव्यामागची उशी अजून त्याच्या पाठीच्या आकाराची होती.

"चांगली व्हायची, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "रोज चांगली व्हायची."